शून्य माणसं, अकराशे किलो

शून्य माणसं चढली आणि बस अकराशे किलोने जड झाली!

शर्वाणीने पडद्यावरचे आकडे तीनदा वाचले. थांबा क्रमांक ४७, सोनखास वस्ती. वाट पाहणारी माणसं : शून्य. बस सुटताना वाढलेलं वजन : अकराशे किलो. आता सांगा, बसमध्ये चढलं तरी कोण?

"भुतं असतील गं मावशी!"

"भुतांना वजन नसतं," प्रमिलामावशी हसून म्हणाली.

शर्वाणी रत्नागिरीची, यंदा नववीत जाणारी. मे महिन्याच्या सुट्टीत ती संशोधन करायला धामणखेडला मावशीकडे आली होती. मावशी नगरशास्त्रज्ञ (शहरं कशी आणि कुठे वाढतात, याचा अभ्यास करणारी). साल होतं २०५४. धामणखेडच्या बसला चालक नव्हता आणि प्रवास फुकट असल्यामुळे तिकीटही नव्हतं. थांब्यावर गणू नावाचा खांबाएवढा उंच रोबो माणसं मोजायचा, आणि बसच्या बुडाशी संवेदक (वजन टिपणारं यंत्र) बसवलेले होते.

"दोघांतलं एक नक्की खोटं बोलतंय," शर्वाणी म्हणाली.

"बसच्या फेऱ्या ठरवणाऱ्या संगणकाने तर निकाल लावून टाकलाय. माणसं शून्य, म्हणजे वजन मालाचं. मालासाठी प्रवासी बस कशाला? शनिवारी दुपारी बारा वाजता सोनखासची बस बंद!"

"मग होऊ दे की बंद. वस्ती तशीही लांब आहे, अकरा किलोमीटर."

"लांब?" मावशीने भुवया उंचावल्या. "ये इकडे. लांब म्हणजे काय ते दाखवते."

तिने टेबलावर समय-नकाशा (अंतर किलोमीटरऐवजी मिनिटांत दाखवणारा नकाशा) उघडला.

"बहुतेक माणसं रोजच्या जाण्यायेण्याला साधारण तासभर देतात. म्हणजे एका बाजूला अर्धा तास. चालत अर्ध्या तासात किती जाशील?"

"दोन किलोमीटर."

"म्हणून पायी चालणाऱ्यांचं शहर मध्यापासून दोन किलोमीटरवर संपायचं. सायकल आली, शहर सहा किलोमीटरवर गेलं. आणि बस अर्ध्या तासात बारा किलोमीटर जाते."

"म्हणजे अकरा किलोमीटरवरची सोनखास अर्ध्या तासाच्या आतच आहे!"

"शाब्बास! सहा वर्षांपूर्वी तिथे तीन घरं होती. बस आली आणि एकशेचाळीस झाली. शहर बसच्या मागोमाग चालतं, पोरी. आता बस काढून बघ."

शर्वाणीने बसची रेघ पुसली. सोनखासचा ठिपका सरकत सरकत नकाशाच्या पार कडेला गेला. पायी पावणेतीन तास! मघाशी आपण किती सहज म्हटलं, होऊ दे बंद.

बुधवारी सकाळी ती सोनखासच्या थांब्यावर हजर झाली. ऊन काय ते! रत्नागिरीत घाम येतो, इथे घाम यायच्या आतच वाळत होता. काचेचा झकपक थांबा भट्टीसारखा तापला होता. आत एकही माणूस नव्हता. फरशीवर मात्र रांगेने पडलं होतं नाना तऱ्हेचं सामान. कापडी पिशवी, छत्री, पाण्याची कॅन, अर्धी वीट, एकच चप्पल...

"नमस्कार," गणूचा डोळा वळला. "माणसे : एक. वस्तू : वीस. सामान बेवारस आहे. हात लावू नये."

शर्वाणी उन्हात तशीच उभी राहिली. कोकणात बसची वाट बघायची म्हणजे थांब्यावर उभं राहायचं, एवढंच तिला ठाऊक! पाच मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. तेवढ्यात पन्नास पावलांवरच्या कडुनिंबाखालून खणखणीत हाक आली.

"काऊन वं पोरी, उन्हात उभी राह्यली? चक्कर येऊन पडशीन नं बाप्पा! नंबर लाव अन् सावलीत ये!"

निंबाखाली ही गर्दी! हाक मारणाऱ्या पंचफुलाबाईंनी तिला आधी गुळपाणी दिलं.

"नंबर लाव म्हणजे?"

"घ्या! हेही सांगा लागते? रांगेत आपलं काहीतरी ठेवाचं. थे पिशवी माह्यी. चप्पल त्या मास्तरची. बस आली का आपापल्या वस्तूपाशी जाऊन उभं राहाचं. भांडण नाही न् तंटा नाही."

शर्वाणी ताडकन उठली. "वस्तू नाहीत त्या! माणसं आहेत!"

ती धावत गणूकडे गेली. "अरे गणूबाळा, यांनी नंबर लावलेत!"

"नंबर शून्य आहे," गणू शांतपणे म्हणाला.

नंबर म्हणजे आकडा, एवढंच बिचाऱ्याला शिकवलं होतं. नंबर म्हणजे पाळी, हे त्याला कोण सांगणार? बस आली. गणूने मोजणी केव्हाच धाडली होती. मग मात्र निंबाखालून माणसं आली, सामान उचललं आणि बसमध्ये चढली. भुतं सापडली!

पण पंचफुलाबाईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "बस बंद होते म्हणतात. तसं झालं त माह्या नातीची शाळा सुटली समज. मंग वस्तीच सोडा लागते."

शर्वाणीला आता सगळं लख्ख दिसलं. खोटं शून्य, म्हणून बस बंद. बस बंद, म्हणून वस्ती लांब. वस्ती लांब, म्हणून माणसं निघून जाणार. आणि मग थांब्यावर खरोखरच शून्य! चुकीचा आकडा स्वतःला खरा करून दाखवणार होता.

संध्याकाळी घरी येऊन तिने सगळं सांगितलं. मावशी उडालीच! "पण संगणक गोष्टी ऐकत नाही हं. त्याला पुरावा लागतो."

मग काय, शर्वाणीने तीन दिवस निंबाखाली मुक्काम ठोकला. प्रत्येक बसला वस्तू मोजल्या, चढणारी माणसं मोजली आणि वजनाशी ताडून पाहिली. एक घोळ निघालाच. दहा वस्तूंमागे माणसं अकरा! आजी-नात एकाच पिशवीवर नंबर लावायच्या. तोही हिशेब तिने नीट मांडला. शनिवारी साडेअकराला तिने अहवाल पाठवला आणि नखं खात बसली. पावणेबारा झाले, बाराला पाच कमी झाले...

पडदा उजळला. 'माल : शून्य. माणसे : बावीस. बस चालू राहील. दुपारची एक फेरी वाढवावी.'

शर्वाणीने मावशीला अशी मिठी मारली की चष्मा खाली पडला.

परत जायच्या आदल्या दिवशी ती सोनखासला निरोप घ्यायला आली. वस्तीच्या पुढच्या माळावर नव्या घरांसाठी चुन्याच्या रेघा आखल्या होत्या. अजून तीस घरं येणार होती. शर्वाणीने परतीच्या बससाठी पायातली एक चप्पल काढून रांगेत ठेवली आणि लंगडी घालत सावलीकडे निघाली.

मागून गणूचा आवाज आला. "शर्वाणी, तुमचा नंबर लागला."