सातव्या पॅनेलचं सहावं कुलूप

कारखान्यातली तिची पहिली पाळी दोनला सुटायची. तिथून धावतपळत कॉलेज गाठेपर्यंत तीन वाजत, आणि वर्कशॉपच्या दारात पाऊल टाकताना तिचा जीव अगदी मेटाकुटीला आलेला असे. इंडस्ट्रियल इलेक्ट्रिशियनच्या त्या बॅचमध्ये पाच जण होते. चौघं अठरा-एकोणीसचे, पाचवी ही, चाळिशी ओलांडलेली. पोरांनी पहिल्याच दिवशी तिला काकू करून टाकलं. तिने हरकत घेतली नाही. हरकत घ्यायलाही अंगात त्राण लागतं.

पॅकिंग मशीनवर अकरा वर्षं काढल्यावर तिच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली होती. सकाळी तिच्या बाहीचं बटण लेक लावून द्यायची, तेही आईच्या तोंडाकडे न बघता. कारखान्याच्या फोरमनने सांगून ठेवलं होतं, "प्रमाणपत्र आणा, दुसऱ्या दिवसापासून तुमचं पॅकिंग बंद. मेंटेनन्समधली जागा मी परीक्षेच्या महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो. पुढचं माझ्या हातात नाही." पहिल्या खेपेला, दुसऱ्या कॉलेजात, ती प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली होती, वेळ पुरला नव्हता म्हणून. दुसरी खेप शेवटची, तिसरी मिळत नाही असा नियम होता.

शिकवणारे सर निवृत्तीला टेकलेले. वायरीचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राला मेगर म्हणतात. सर समोर येईल त्याची तपासणी करत, म्हणून पोरांनी त्यांचंच नाव मेगर ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

मेगर सरांचा सगळा भर एका गोष्टीवर. पॅनेलला हात लावण्याआधी मेन स्विच खाली करायचा आणि त्याच्या दांड्यात सहा भोकांची लोखंडी पट्टी अडकवायची. काम करणाऱ्या प्रत्येकाने आपलं कुलूप त्या पट्टीत लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच वर जाऊच शकत नाही.

"कुलूप म्हणजे माणूस," सर म्हणायचे. "कुलूप दिसतंय म्हणजे कोणीतरी आत आहे. एवढं डोक्यात ठेवा, बाकी सगळं पुस्तकात आहे."

वर्कशॉपमध्ये आठ पॅनेल होते. सातवा सगळ्यात जुना, कोपऱ्यात भिंतीला जवळजवळ चिकटून उभा. मागे जेमतेम वीतभर फट. दुसऱ्या महिन्यात बॅचला तो मिळाला. पाच जणांनी पाच कुलपं लावली, दोन तास काम केलं. काढायला गेले तर पट्टीची सहाही भोकं भरलेली.

सहावं कुलूप पितळी होतं, कडा झिजलेलं. त्याला टांगलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावरचा फोटो ग्रीसने पुसून गेला होता, नुसता मानेपासून खालचा शर्ट दिसत होता. पोरांनी एकमेकांवर आळ घेतला आणि खी खी केली. तिने कुलूप हातात धरलं. बाकीची पाच गार होती. हे कोमट होतं, खिशातून आत्ताच काढल्याइतकं.

"मोजलीत ना? सहा," सर म्हणाले. त्यांनी कुलपाकडे पाहिलंही नाही. "मग सहाही निघेपर्यंत थांबायचं. चला, तोवर वह्या पुऱ्या करा."

सगळे बाकांवर जाऊन बसले. पंधरा मिनिटांनी सर उठले. पट्टीत पाचच कुलपं होती. तिकडे कोणी फिरकलंसुद्धा नव्हतं, हे ती छातीठोकपणे सांगू शकली असती, कारण वही तिच्यापुढे कोरीच होती आणि नजर सारखी तिकडेच होती. डुलकी लागली असेल, असं तिने स्वतःला समजावलं. तिला हल्ली उभ्या उभ्याही डुलकी लागायची.

पण मग हे रोजचंच झालं. सातव्यावर काम निघालं की पितळी कुलूप हजर. पंधरा मिनिटं, कधी वीस, आणि मग नाही. एकदा ते गेल्यावर ती हात धुवायला गेली, तर मोरीतल्या साबणावर काळा फेस होता आणि नळ थेंबथेंब गळत होता. तिच्याआधी कोणीच उठलं नव्हतं. पोरांची खीखी त्या आठवड्यात बंद झाली. सातव्याचं काम असलं की चौघंही एकमेकांना चिकटून उभी राहू लागली.

एक दिवस तिने सरांना गाठलं. "कोण आहे हो तो?"

सर चष्मा पुसू लागले. "कामावरचा माणूस आहे. काम झालं की निघतो. आपण पंधरा मिनिटं थांबलो तर आपलं काय जातंय?"

तिला वाटलं, सरांना वेड लागलंय. मग वाटलं, असेना का. दमलेल्या माणसाला चमत्काराचंही फारसं काही वाटत नाही. बसायला पंधरा मिनिटं मिळतात, एवढंच तिला कळत होतं.

परीक्षा दुपारी होती. एकेकाला आत सोडत होते. बाहेरून आलेले परीक्षक टापटीप, घड्याळ बाकावर काढून ठेवणारे. नियमाप्रमाणे मेगर सरांना बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं. तिने चिठ्ठी उचलली. सातवा पॅनेल. मोटरच्या स्टार्टरमधला बिघाड शोधायचा, दुरुस्त करायचा, मोटर चालवून दाखवायची. पंचेचाळीस मिनिटं. ती आत जाताना सर एवढंच म्हणाले, "घाई करू नका."

तिने स्विच खाली केला, आपलं एकटीचं कुलूप लावलं. बिघाड लवकर सापडला. बधिर बोटांनी स्क्रू पकडेना, दोनदा हातातून पडला, पण काम झालं. घड्याळात आठ मिनिटं उरली होती. ती कुलूप काढायला वळली.

पट्टीत दोन कुलपं होती.

"हे दुसरं कोणाचं?" परीक्षकांनी विचारलं.

"आमच्यात थोडं थांबतात सर. पंधरा मिनिटांत निघतं."

"निघतं म्हणजे?" त्यांनी कपाळाला आठी घातली. "तुमच्याकडे पंधरा मिनिटं नाहीत. बेवारशी कुलपाचा नियम काय?"

नियम तिला तोंडपाठ होता. वीज चालू करण्याआधी 'लाइन सोडतेय' अशी तीनदा मोठ्याने हाक मारायची. उत्तर नाही आलं, तर साहेबांच्या परवानगीने कुलूप तोडायचं.

"मग मारा हाक. परवानगी मी देतो." त्यांनी लांब दांड्यांची कातरी तिच्यापुढे सरकवली आणि तिच्या कागदावर काहीतरी भरायला लागले.

तिने हाक मारली. "लाइन सोडतेय! आत कोणी आहे का?"

पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"लाइन सोडतेय! आत कोणी आहे का?"

काही नाही. सहा मिनिटं. तिसऱ्यांदा तिचा आवाज चिरकला.

पॅनेलच्या मागून कोणीतरी म्हणालं, "थांबा. एकच स्क्रू राहिलाय."

पुरुषाचा आवाज. धमकीचा नाही, घोगरा वगैरे नाही. थकलेला. पाळी संपत आलेल्या माणसाचा. असा आवाज ती रोज दोन वाजता गेटवर ऐकायची, स्वतःच्या तोंडूनही ऐकायची.

तिने मागच्या फटीकडे पाहिलं. वीतभर. तिथे माणूस मावत नाही.

"आलं का उत्तर?" परीक्षकांनी मान वर न करता विचारलं.

महिना संपायला नऊ दिवस होते.

"नाही," ती म्हणाली.

कातरीचे दांडे तिने दोन्ही हातांनी दाबले. पितळ मऊ असतं, पण कडी लोखंडाची होती. तिने सगळं अंग त्यावर टाकलं. कट्कन आवाज झाला. कुलूप खाली पडलं. ते अजून कोमट होतं.

तिने स्विच वर केला.

वीज आल्याचा लाल दिवा लागला. मोटर फिरू लागली, जराही थरथर न करता.

"उत्तम," परीक्षक म्हणाले.

प्रमाणपत्र घ्यायला ती आठवड्याभराने गेली, पाळी सुटल्यावर. वर्कशॉप रिकामं होतं. सातव्या पॅनेलला दोरी बांधून ठेवली होती, आणि पॅनेलवरचा लाल दिवा लागलेला होता.

"बंद होत नाही," सर म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातून तीन फ्यूज काढून तिला दाखवले. "हे मी त्याच संध्याकाळी काढले. वायरही सोडवलीय. बघा हवं तर."

तिने पाहिलं. वायर मोकळी लोंबत होती.

"इतकी वर्षं रोज बाहेर यायचा," सर म्हणाले. "उशिरा का होईना, यायचा. त्या दिवसापासून आला नाही." मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही हाक मारलीत तेव्हा काही बोलला का?"

"नाही सर."

"तेच म्हटलं. बोलला असता तर तुम्ही तोडलं नसतंत." ते उठले. "थांबा, प्रमाणपत्र ऑफिसात आहे."

त्यांची पावलं व्हरांड्यात लांब गेली. सरांनी तिच्यावर ओरडायला हवं होतं, असं तिला वाटलं. तिची स्वतःचीच तिला लाज वाटत होती. ती दोरीखालून वाकून गेली आणि पॅनेलच्या गार पत्र्याला कान लावला.

आत कोणीतरी स्क्रू पिळत होतं. सावकाश. अर्धा फेरा, मग दम घेणं. पुन्हा अर्धा फेरा.

तिच्या तोंडून हुंदका निघाला असावा, कारण पिळणं थांबलं.

"झालंच, ताई," पत्र्यापलीकडून तोच थकलेला आवाज आला. "लाइन सोडू नका हं."

दिव्याचा लाल उजेड तिच्या बोटांवर पडला होता.

"नाही सोडत," ती म्हणाली. "होऊ द्या तुमचं."

आत पुन्हा स्क्रू फिरू लागला.