टाचण्याचं नववं रीळ

लग्नाचं शूटिंग रिळावर हवंय तुला? कर की. माझी ना नाही. मगाशी तुझ्या भावाने दात काढले, "मोबाइलच्या जमान्यात हिला रीळ सुचतंय," म्हणून. त्याचं मनावर घेऊ नकोस, त्याला स्वतःच्या लग्नात झोप लागली होती. फक्त ठरवण्याआधी एक ऐकून घे. आणि तू रे, तो मोठा दिवा बंद कर. लहान पुरे.

माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेलं आहे हे. त्याला आम्ही टाचण्या म्हणतो, कारण शर्टाच्या कॉलरला कायम चार टाचण्या खोचलेल्या. लग्नाचं शूटिंग करायचा. जगाने रीळ सोडलं, याने नाही. एक रीळ म्हणजे पावणेतीन मिनिटं, त्यामुळे उगाच बटण दाबत बसायचं नाही, नीट बघायचं आणि मगच टिपायचं. कॅमेऱ्यात घालण्याआधी तो प्रत्येक रिळाच्या टोकाला टाचणीने भोकं पाडायचा. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. का, तर रिळं धुवायची पूर्ण काळोखात. तिथे आकडे कोण वाचणार? बोटाने भोकं मोजायची, की झालं.

मागच्या वर्षी त्याच्याकडे एक मुलगी आली. तुझ्याएवढीच. आई जाऊन सहा महिने झाले होते. घरात आईच्या लग्नाचं एक जुनं रीळ होतं, त्यात आई एकदाच मान वळवून हसते. मुलगी म्हणाली, "काका, माझंही असंच हवं. पहिल्या ओळीत आईची वेताची खुर्ची ठेवणार आहे मी. तिच्यात कुणी बसणार नाही. पण प्रत्येक रिळात ती खुर्ची दिसली पाहिजे."

टाचण्याला गलबलून आलं. त्याने तसंच केलं. आठ रिळं झाली, आणि आठही रिळांत त्याने भिंगातून पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. हे लक्षात ठेव.

आठवड्याने रिळं धुऊन झाली. त्याने घरी एकट्यानेच लावून पाहिली आणि लगेच त्या मुलीला फोन केला. "पोरी, आई आली होती गं तुझी."

तिच्या आईला त्याने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तिथेच चुकलं त्याचं.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. रात्री साडेनऊला तो प्रोजेक्टर आणि, सवयीने, कॅमेऱ्याची बॅग घेऊन मुलीच्या माहेरी पोचला. मुलगी सासरहून आली होती. वडील इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, बायको भेटायला येणार असल्यासारखे. टाचण्याने पुढच्या खोलीतलं कॅलेंडर काढलं आणि पांढऱ्या भिंतीवर रीळ लावलं.

पहिल्यात खुर्ची रिकामी. दुसऱ्यातही.

तिसऱ्यात खुर्चीत एक बाई होती. पाठमोरी. अंबाडा, खांद्यावर फिकट शाल.

"आई..." मुलगी रडायला लागली.

चौथ्यात त्या बाईची मान जराशी वळलेली. सगळा हॉल नवरानवरीकडे बघतोय, ही एकटीच नाही. पाचव्यात आणखी थोडी. सहाव्यात गाल दिसला. वडील उठले. भिंतीपाशी गेले. अगदी जवळ.

सातवं.

आठवं.

तिने मान पूर्ण वळवली. आणि हसली.

वडिलांनी भिंतीवरच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. प्रोजेक्टरची घरघर तेवढी चालू. मग ते हळूच म्हणाले, "हसणं तिचंच आहे..."

"हो ना बाबा!"

"...बाई ती नाही."

रीळ संपून टोक फटफट आपटत राहिलं. टाचण्याला ते बंद करायचंही सुचेना.

"काका," मुलगी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "ती खुर्ची मी सासरी नेलीय. पलंगाशी ठेवलीय. आई जवळ असावी म्हणून... रोज झोपताना मी बोलते तिच्याशी."

"आणि... ती?"

मुलगी उठून चपला घालायला लागली.

तिघं त्याच पावली तिच्या सासरी निघाले. नवरा दारातच गोंधळून उभा. मुलीने खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली होती. सकाळी निघताना तशीच होती, ती शपथेवर सांगते.

आता तिचं तोंड पलंगाकडे होतं. उशीच्या बाजूला.

वडिलांनी ती उचलली, मागच्या अंगणात नेली, आणि बायकोची म्हणून इतके महिने जपलेली खुर्ची स्वतःच्या हाताने जाळली. रडत होते, पण हात थांबला नाही त्यांचा.

मुलगी बरी आहे हो. घाबरू नका. झोपते मात्र दिवा लावून.

टाचण्या दोन वाजता घरी आला. बॅग उघडली. कॅमेरा रिकामाच नेला होता त्याने, दाखवायला जाताना कशाला रीळ घालील? पण कॅमेरा जड लागला. आत रीळ होतं. शेवटपर्यंत फिरलेलं. त्याने काळोख केला. टोक चाचपलं.

नऊ भोकं.

त्याने मुलीला विचारलं, धुवू का? ती म्हणाली, "नको काका. त्यात माझी खोली असेल... मी झोपलेली असेन." दुसऱ्या दिवशी तो ते रीळ डब्यात बंद करून माझ्याकडे देऊन गेला. त्याने कॅमेरा पुन्हा हातात धरलेला नाही. हाच तो डबा. वर्षभर माझ्या कपाटात आहे, कुणी उघडलेला नाही.

खोटं वाटतंय? तो दिवा पण घालव रे. हं. उघड बेटा. टोक सापडलं? मोठ्याने मोज.

"एक... दोन... तीन... चार... पाच... सहा... सात... आठ... नऊ."

झालं. लाव झाकण.

...

लाव की गं.

"काका... अजून एक भोक आहे."