घाई करतो तो चोर

टण्ण...

दुपारच्या निवांत घरात डाळीतला खडा ताटावर आपटला आणि चार वर्षांच्या रुपाने डोळे उघडले. झोपली कुठे होती ती! आईच्या मांडीवर डोकं ठेवून वाटच बघत होती.

"आई, सांग ना... बाबांनी तार काहून उपटली होती?"

शिलाला हसू आलं. गोष्ट पोरीला तोंडपाठ होती. पण सुट्टीच्या दिवशी डाळ निवडता निवडता ती सांगायला शिलालाही आवडायचं.

तेव्हा वारंगा फाट्यावर, खिचडीच्या हॉटेलाला लागून देविदासचं इंटरनेटचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा आणि फोनची एकच तार. बाहेर श्रावणाची झिमझिम. तांड्यावरून चालत आलेली शिला ओल्या ओढणीनेच खुर्चीवर टेकली. हैदराबादच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला तिने अर्ज केला होता. हो की नाही, ते ईमेलवर कळणार होतं. नाही कळलं, तर घरात सोयरिकीची बोलणी सुरूच होती.

मेल उघडली, अडखळत वाचली. तुमचं खातं आज बंद होत आहे, ताबडतोब पासवर्ड भरा... खातंच बंद झालं तर दवाखान्याचं पत्र येणार कुठे? ती भराभर अक्षरं दाबू लागली, आणि कोणीतरी भिंतीतून फोनची तारच उपटली.

"काहून काढली तार?" ती फणकारली.

"चोराला किल्ली देऊन राहिल्या तुमी," देविदास शांतपणे म्हणाला.

"चोर? कंपनीचं नाव लिहेल हाय की."

"नाव कोनीबी लिहितं. पत्ता पाहा ना." पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर त्याने बोट टेकवलं. पुढचं नाव ओळखीचं, मागची शेपटी भलतीच. "आन् वर काय? प्रिय ग्राहक. ज्याला तुमचं नाव ठाऊक न्हाई, त्याला तुमची येवढी काळजी काहून?"

"तुमाला तरी कुठं ठाऊक हाय?"

"शिला," तो म्हणाला... आणि त्याचे कान लाल झाले. "म्हंजे, गिऱ्हाइकांच्या वहीत लिहेल हाय." मग घाईने पुढे म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. घाई करतो तो चोर. आपलं मानूस थांबतं."

मग दर बाजाराच्या दिवशी ती फाट्यावर येऊ लागली.

"मला लंडनची लॉटरी लागली," ती मुद्दाम गंभीर चेहऱ्याने सांगायची.

"तिकीट काढलं होतं?"

"न्हाई."

"मंग लंडनवाल्याला तांड्याचा पत्ता कोनी दिला? तुमीच दिला असंल."

ती ओढणीत तोंड लपवून हसायची. पण तिच्या मनात भरलं ते वेगळंच. गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं की हा माणूस तोंड फिरवून रस्त्यावरचे ट्रक बघत बसायचा. म्हातारा असो, पोरगं असो... कोणासाठीही. ज्याच्यापाशी कुलूप उघडं टाकावं असा एक माणूस फाट्यावर आहे, या विचारानेच तिला परतीची वाट छोटी वाटायची.

उत्तर मात्र येईना. एक दिवस देविदास म्हणाला, "केराचा डबा पाहिला का? कॉम्प्युटर फालतू मेल आपल्या मनानं तिकडं लोटतो. पन भुसात कधी कधी दाना जातो. टाकायच्या आधी पाखडून घ्यावं."

त्याने डबा उघडला. औषधांच्या जाहिराती, कर्ज, लॉटरी... आणि मधेच हैदराबादच्या दवाखान्याचं पत्र. त्याचा हात माऊसवर थांबला. शिलाला इंग्रजी पटकन लागायचं नाही, त्याला लागायचं. बाण सगळं पुसून टाकायच्या बटणावर होता. एक टिचकी... आणि ती इथेच राहिली असती. तिला काही कळलंही नसतं.

पंखा कुरकुरत राहिला. त्याने बाण बाजूला नेला.

"हे फेकायचं न्हाई," तो हळूच म्हणाला. "तुमचं पूर्न नाव हाय. अर्जाचा नंबर हाय." तरी त्याने मेलमधला फोन नंबर घेतला नाही. शिलाने जपलेल्या पेपरातल्या जाहिरातीवरून दवाखान्याला फोन लावला आणि विचारून घेतलं. "खरं हाय. घेतलं तुमाला," तो म्हणाला. हसला सुद्धा. पण नजर बाहेरच्या ट्रकांवर होती.

हैदराबादच्या गाडीत बसल्यावर ती खिडकीतून म्हणाली, "तुमाला काहीच बोलायचं न्हाई?"

"हाय ना," देविदास म्हणाला. भुरभुर पावसात उभा होता, छत्री बगलेतच विसरून. "पन आज बोललो, तर घाई होईल."

तिचे डोळे भरून आले. "मंग... थांबा."

शिक्षण संपवून ती फाट्यावर उतरली, तेव्हा दुकानातले कॉम्प्युटर वाढले होते. पंखा मात्र तोच, कुरकुर तीच. दारात बॅग ठेवून तिने विचारलं, "थांबलात?"

त्याने मान वर केली.

"मी कुठं चोर हाय," तो म्हणाला.

शिलाने डाळ चाळवली. रुपा मात्र उठून बसली होती, कपाळाला आठी घालून.

"बाबांनी ते पत्र पुसून टाकलं असतं तर तू गेलीच नसती?"

"नसते गेले."

"मंग लगीन आदीच झालं असतं?"

"झालं असतं... कदाचित."

रुपाने ताटातला खडा उचलला, हातात फिरवून पाहिला.

"मंग तवा मीच आले असते का, आई... का दुसरंच लेकरू?"