गोदामातल्या दोन गाड्या

"हे पाणी नाही. पेट्रोल आहे," रस्त्यावरच्या थेंबाला बोट लावून हुंगत प्रज्ञा म्हणाली.

थेंबांची रांग सौंसरच्या हायवेवरून थेट नत्थूजींच्या संत्र्यांच्या गोदामात गेली होती. नागपूरच्या प्रदर्शनाला निघालेल्या दोन गाड्या ट्रक बिघडल्यामुळे नुकत्याच तिथे उतरवल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत कंटाळलेल्या प्रज्ञाला, तिच्या धाकट्या बहिणीला म्हणजे चंचलला आणि शेजारच्या स्वप्निलला एवढं निमित्त पुरेसं होतं. अर्ध्या उघड्या शटरखालून तिघं वाकून आत शिरली.

पुढे लाल इटालियन सुपरकार, जमिनीला चिकटल्यासारखी. मागे शर्यतीची जुनी गाडी, लांब नाकाची, बारीक चाकांची, वरून उघडी.

"ही लाल एका दमात तिले मागं टाकते," स्वप्निल म्हणाला.

"तुह्या आजोबाच्या जन्माआधीपासून धावून राहिली ते," म्हणत प्रज्ञा जुन्या गाडीमागे वाकली. टाकीखालून बारीक धार लागली होती.

तेवढ्यात शटर धाडकन खाली आलं. बाहेर कुलूप लागलं. ट्रकचा ड्रायव्हर वीरेंद्र याने आत डोकावलंही नव्हतं. तो सरळ जेवायला निघून गेला.

तिघांनी शटर बडवलं, पण हायवेवरच्या ट्रकांपुढे त्यांचा आवाज कोण ऐकणार? मोबाइल घरीच राहिलेला. टिनाचं छप्पर तापलं होतं. वास घशाला झोंबू लागला, चंचल खोकू लागली.

"हे जुनी चालू करू अन् शटर तोडू," स्वप्निल म्हणाला.

"येडा झाला का? एक ठिणगी पडली तर इथंच भाजून निघू."

भिंतीत उंचावर एक झरोका होता. तिथे पोहोचायला लाल गाडी जेमतेम कमरेएवढी. शिवाय ती लॉक होती, ढकलून तसूभर हलेना. जुन्या गाडीचा ब्रेकचा दांडा मात्र बाहेरच होता. प्रज्ञाने तो सोडला, चंचल स्टिअरिंगवर बसली, दोघांनी जोर लावला. गाडी कुरकुरत झरोक्याखाली आली.

प्रज्ञा सीटच्या पाठीवर चढली आणि झरोक्यातून तोंड बाहेर काढून तिने श्वास घेतला. खाली वीरेंद्र परत येत होता. एका हातात किल्ली, तोंडात पेटलेली विडी.

"काका, थांबा! विडी तिकडंच विझवा. आत पेट्रोल सांडलं, अन् आम्ही आत हाओ."

वीरेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने जागच्या जागी विडी चिरडली, मग धावत येऊन शटर उघडलं.

संध्याकाळी गाड्यांचे मालक मनोहरराव नागपूरहून आले. गळकी नळी पाहून त्यांनी वीरेंद्रला आणि नत्थूजींना चांगलंच फैलावर घेतलं. मग ते मुलांकडे वळले.

"न विचारता आत शिरलात, हे चूक. पण तुम्ही डोकं शांत ठेवलं नसतं तर आज इथे राख उरली असती. शाबास! नळी बदलली की एक चक्कर मारू. कोणत्या गाडीत?"

प्रज्ञाने स्वप्निलकडे पाहिलं. लाल गाडीचं दार पंखासारखं वर उघडलेलं होतं. तो दोन पावलं मागे सरकला.

"जुनीत," तो म्हणाला. "तिले दारच नाही."