चिपमधली जास्तीची खूण

दार नीट ओढून घे आणि बस. तशी सुरुवात काही भीतीदायक नव्हती, काम अगदी एवढंसं होतं. एक चिप बदलायची.

आमच्या केटल डोंगरावर हॅम मंडळींचा, म्हणजे आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा, रिपीटर आहे. खालचे आमचे क्षीण आवाज पकडायचे आणि लांब फेकायचे, हे त्याचं काम. मधूनमधून त्याने मोर्सच्या टिंब-रेघांत आपलं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, सांगायचं, असा सरकारी नियम. ते एका चिपमध्ये भरलेलं असतं. चिपच्या पाठीवर काचेची खिडकी असते. जांभळ्या दिव्याखाली ठेवली की आतलं सगळं पुसलं जातं, मग नवं भरायचं.

रिपीटर उभा केला तो ऑर्विल टटलने. थंडीच्या तोंडावर तो गेला. यापुढे डोंगराने ऑर्विलच्याच कॉलसाइनने बोलायचं, असं आमच्या हॅम क्लबने ठरवलं. गेलेल्या माणसाचा मान ठेवायची ही आमच्यातली रीत. त्याची बायको हेझल, आमची समोरची शेजारीण, ऐकून रडली आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मेपलचा केक घेऊन आली.

चिप मी भरली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. फेब्रुवारीतल्या एका दुपारी माझा नवरा लायल ती घेऊन वर निघाला. बर्फ भुरभुरत होतं.

"वेळेत उतर हं," मी म्हटलं.

"हो गं बाई. तू सूप गरम ठेव."

वर पोचल्यावर रेडिओवर त्याचा आवाज आला. "बसवली. ऐक आता."

ऑर्विलचं कॉलसाइन वाजलं. स्वच्छ, ठणठणीत. आणि त्यामागून... रेघ, टिंब, रेघ.

ही खूण म्हणजे 'आता तुम्ही बोला'. कोणाला हाक मारली की शेवटी आमची बोटं ती आपोआप वाजवतात. रिपीटरने मात्र नाव सांगून गप्प बसायचं असतं. सवयीने मी ती खूणही भरून बसले होते.

"व्हर्ना, काय हे!" लायल हसत सुटला. "मेलेल्या माणसाच्या नावाने डोंगर म्हणतोय, या, बोला!"

"दात काढू नकोस. हवा बिघडतेय, खाली ये आधी."

तेवढ्यात माझ्या रेडिओवरचा सिग्नलचा काटा वर चढला. कोणीतरी बटण दाबलं होतं. आवाज मात्र काही नाही. विहिरीत वाकून ऐकावं तशी पोकळ शांतता. मग काटा पडला.

"कोण आहे?" लायलने विचारलं. आता तो हसत नव्हता.

उत्तर आलं ते हेझलचं. संसार झाला तिचा त्या रेडिओशेजारी, पण ऑर्विलच्या माईकला तिने कधी बोट लावलं नव्हतं.

"ऑर्विल... मी आहे. बोल."

काटा चढला. शांतता.

"नाही. तसं नको... माझं ऐक जरा."

पुन्हा काटा. पुन्हा तीच शांतता, या वेळी जास्त लांब.

"बरं. मग मीच येते. कोट घालते... थांब तिथेच."

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोरचं हेझलचं कुंपणसुद्धा दिसेना. अशा बर्फात ती गुडघ्यांनी अधू म्हातारी बाहेर पडणार! फोन लावला. नुसता वाजत राहिला.

"लायल, ती चिप काढ!"

"अगं, चिप काढली की रिपीटर मुका होतो, ऑर्विलने जोडणीच तशी केलीय. मग उतरताना तुझा आवाज नसेल मला..."

"काढ म्हणते ना! ती मरेल बर्फात!"

"बरं, बरं. वाट पाठ आहे मला." खट् झालं आणि रेडिओ गप्प झाला.

हातात मावणारा छोटा रेडिओ खिशात कोंबून मी धावत सुटले. हेझल कुंपणाशी सापडली. गुडघाभर बर्फात, ऑर्विलचा कोट घालून, डोंगराकडे तोंड करून उभी. जिवंत होती. मी तिला घट्ट मिठी मारली, तर तिने मला ढकलून दिलं.

"तू बंद केलंस ते?"

"हेझल, गोठून गेला असतात तुम्ही!"

"गेले असते तर गेले असते! माझं काय राहिलंय आता?" तिने डोंगराकडे बोट केलं. "तो मला बोलावतच नव्हता, मुली. एकट्याने करमत नाही म्हणाला. वर कोणी आलंय, त्यालाच ठेवून घेतो म्हणाला... मी भांडत होते त्याच्याशी. पोराला सोड, मी येते म्हटलं. कबूल होत आला होता गं... आणि तू..."

खिशातला रेडिओ काढून मी ओरडत राहिले, "लायल! लायल!" रिपीटर बंद, ऐकणार कोण?

मग हातातल्या रेडिओत डोंगर वाजला. खोबणीत चिप नव्हती, तरी टिंब-रेघा एकेक करून सावकाश येऊ लागल्या. कॉलसाइन लायलचं होतं. आणि शेवटी, आता तुम्ही बोला.

"बोलू नकोस..." हेझलने माझं मनगट धरलं.

नवरा हाक मारतोय आणि मी ओ देऊ नको? मी बटण दाबलं. "लायल, मी आहे रे. बोल ना..."

बटण सोडलं. पलीकडून कोणी काही बोललं नाही. पण या वेळी त्या शांततेत श्वास ऐकू येत होते. दोघांचे.