पळणारा पिठ्या

जास्वंदीवरचे पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारे, पीठ माखल्यासारखे दिसणारे किडे) रोज वेचूनही वाढतातच कसे, हे कोडं इरावतीला काही केल्या सुटेना.

वेचण्यात कसूर मुळीच नव्हती. तिचा यंत्रमानव निवडक्या भारी कामसू! तांदूळ निवडायला तिनेच त्याला शिकवलं होतं: आधी मोठे खडे, मग बारीक. तीच शिस्त तो कुंडीवरही पाळायचा. मोठा पिठ्या दिसला, की चिमट्यात धरून थेट साबणाच्या पाण्यात.

तरी झाड मलूल होत चाललं. त्याची फांदी तिच्या मैत्रिणीने, सईने दिली होती. सई आता मंगळावरच्या वसाहतीत राहायला गेली होती, आणि तिची एवढीच खूण इरावतीजवळ उरली होती. त्यातून आईने बजावलं होतं, "रविवारपर्यंत कीड हटली नाही, तर कुंडी घराबाहेर. बाकीच्या झाडांना लागण नको."

रविवारी तिचे कीटकशास्त्रज्ञ आजोबा आले. "पिठ्या खायला मी मागे झाडावर सोडलेले भुंगेरे कुठायत?"

"उडून गेले!" इरावती रडकुंडीला आली.

"अगं, पण जाताना अंडी घालून गेले असतील की."

तेवढ्यात निवडक्याने चिमटा उचलला. "सर्वांत मोठा सापडला!"

चिमट्यातला पांढरा किडा वळवळत होता. इरावती चमकली. पिठ्या तर एका जागी ढिम्म बसून असतात! "थांब निवडक्या! त्याला पानावर सोड."

सुटताच किडा तुरुतुरु धावला आणि त्याने समोरचा पिठ्या चक्क खायला घेतला.

आजोबांनी भिंग पुढे केलं. "ही भुंगेऱ्याची अळी (भुंगेऱ्याचं पिल्लू). ही परभक्षी (इतर किडे खाऊन जगणारी) आहे. पिठ्या गोड चिकटा सोडतात. तो मिळावा म्हणून मुंग्या त्यांची राखण करतात आणि शत्रूला हुसकावतात. म्हणून अळी अंगावर पिठ्यासारखंच पांढरं मेण चढवते. मुंग्यांना वाटतं, आपलाच पिठ्या! दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं."

"वा गं पठ्ठे!" इरावती बघतच राहिली.

"म्हणजे मी आपलेच राखणदार बुडवले?" निवडक्याचे दिवे मंदावले.

"तुझी चूक नाही रे. तसं मीच शिकवलं होतं," इरावती कळवळून म्हणाली. पानांमागे अजून सात-आठ अळ्या होत्या. आईने भिंगातून त्यांची मेजवानी पाहिली आणि म्हणाली, "कुंडी इथेच राहू दे."

अळ्यांचे भुंगेरे झाले, पिठ्या हटले आणि जास्वंदीला लालबुंद फूल आलं. इरावतीने त्याचा फोटो आणि भुंगेऱ्यांची सगळी हकिगत मंगळावर सईला पाठवली. उत्तराची वाट पाहताना तिचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी सईचा आवाज आला, "इरे, फांदी पाठवशील? आमच्या काचघरात लावते. आणि हो, थोडे भुंगेरेही दे सोबत!"