कोरडं ठेवा, डॉक्टर

शर्टाची दोन बटणं सोडलेला एक उंच माणूस थेट तिच्या औषधांच्या खोलीत शिरला, ही त्यांची पहिली भेट.

"चेंजिंग रूम...?"

"पलीकडची," सिरिंज भरता भरता ती म्हणाली. "आणि आधी बटणं लावा. भूल द्यायचं काम इथे माझं आहे."

नवा सर्जन कानापर्यंत लाल झाला. भूलतज्ज्ञ बाईंनी कसंबसं हसू दाबलं.

तेव्हापासून लिव्हर बदलायच्या प्रत्येक ऑपरेशनला दोघांची जुंपायची. मध्ये हिरवा पडदा; पलीकडे तो, अलीकडे ती. आजही तेच. जुनं लिव्हर सुटं होईपर्यंत शिरा फुगू द्यायच्या नसतात, नाहीतर रक्त थांबता थांबत नाही. म्हणून त्याचा जप चालू होता, "कोरडं ठेवा, डॉक्टर. सलाईन कमी."

"आणखी कोरडं ठेवलं तर किडन्या रुसतील."

"रुसू देत थोड्या. नंतर समजूत काढू."

"तुम्हाला येते समजूत काढता?"

मास्कवरचे डोळे हसले. हसलेच ना... की दिव्याचा उजेड होता?

तिला काही उमगेनासं झालं होतं. सकाळीच विभागप्रमुख मॅडमनी सांगितलं होतं, "पुढच्या आठवड्यापासून तुम्ही दोघं एका टेबलावर नाही. त्यानेच विनंती केलीय." का, हे विचारायचंही तिच्या जिवावर आलं. माझ्या कामावर विश्वास नाही याचा? मग असं लाडीगोडीने का बोलतो? ज्याचा आवाज ऐकायला ती ड्यूटी संपल्यावरही रेंगाळायची, त्याला ती नकोशी झाली होती. डोळे भरून येत होते आणि मॉनिटरवरून नजर हलवायची सोय नव्हती.

नवं लिव्हर जोडून झालं. "रक्त सोडतोय," तो म्हणाला. बर्फात ठेवलेल्या थंडगार लिव्हरमधून रक्त हृदयाकडे गेलं आणि प्रेशर धाडकन कोसळलं.

"सलाईन द्या! भरपूर द्या आता!" तो ओरडला.

"नाही. पाणी ओतलं तर नवं लिव्हर फुगेल. हृदयाला जोर यायला कॅल्शियम देतेय. तुम्ही हात थांबवा."

एवढा भांडकुदळ माणूस, पण निमूट थांबला. हळूहळू प्रेशर वर आलं. तिचा गोंधळ मात्र आणखीच वाढला.

ऑपरेशन संपल्यावर हात धुण्याच्या बेसिनपाशी तिने त्याला गाठलंच. "मला टेबलावरून काढलंत?"

"तुम्हाला नाही हो... मी दुसऱ्या टीममध्ये जातोय."

"का?"

"नियम आहे ना इथे — घरची माणसं एका टेबलावर नकोत."

"कोण घरचं?"

"अजून कोणी नाही..." तो नळ उगाचच चालू-बंद करत राहिला. "तुम्हाला अजून विचारलंच कुठेय?"

"म्हणजे मॅडमना आधी, आणि मला —? दिवसभर माझा जीव टांगणीला होता इथे!"

"चुकलंच. पण तुम्ही नाही म्हणालात तर पडद्यापलीकडे उभं राहणं मला जमलं नसतं."

"आणि हो म्हणाले तर?"

"तरी नाहीच जमणार. मघाशी प्रेशर कोसळलं, तेव्हा मी टेबलाकडे बघायला हवं होतं. मी तुमच्याकडे बघत होतो."

तिने पुढे होऊन त्याचा नळ बंद केला. मग ओल्या हातांनीच तिने त्याचा ओला हात धरला.

"पुढच्या आठवड्याची वाट कशाला बघताय?" ती म्हणाली. "उद्याच बदला टीम."